घंटेनंतरची रोझरी

कॉरीबेगच्या रेल्वेफाटकावर घंटा वाजली की गाडी यायला एक रोझरी लागते, हे डीलिया टॅन्सीला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ठाऊक होतं. तिची आई फाटकवाली. मागच्या स्टेशनातून गाडी सुटली की सिग्नलच्या केबिनमधला माणूस कळ दाबायचा आणि टॅन्सींच्या स्वयंपाकघरात दारावर बसवलेली पितळी घंटा खणखणायची. आई एप्रनला हात पुसायची, बाहेर जाऊन रस्ता बंद आहे ना ते बघून यायची आणि खुर्चीच्या पाठीला अडकवलेली जपमाळ घेऊन पुटपुटायला लागायची. दहा मण्यांचा एक फेरा, असे पाच. पाचवा फेरा संपत आला की वळणावरून इंजिनाची शिटी.

इतका वेळ लागायचा तो नदीवरच्या पुलामुळे. पुलाचा एक खांब खचलेला होता, म्हणून गाडी त्यावरून माणसाच्या चालीने न्यायची असा हुकूम होता. हुकूम तात्पुरता होता आणि सव्वीस वर्षं चालला. पंचक्रोशीतल्या सगळ्यांनी त्याचा हिशेब बसवून टाकला होता. घंटा झाल्यावर कुणालाही सोडायचं नाही, हा नियम स्वयंपाकघरात येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली चौकट करून लावलेला होता. पण गवताची गाडी घेऊन कुणी आला की बाहेरूनच हाक मारायचा, "रोझरी कुठवर आली, टॅन्सीबाई?"

"दुसऱ्या फेऱ्यात आहे. चल, हाक लवकर!" आई फाटक उघडायची, माळ हातातच.

त्या दिवसांत त्या रुळांवरून काय काय जायचं! बाजाराच्या दिवशी गुरांचे डबे हंबरत जायचे आणि त्यांचा वास दुपारपर्यंत अंगणात राहायचा. उन्हाळ्यात यात्रेकरूंची खास गाडी, प्रत्येक खिडकीत डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया. नाताळच्या आदल्या आठवड्यात इंग्लंडच्या बोटीवरून उतरलेली मुलं, दोरीने बांधलेल्या सुटकेसा खिडकीशी धरून, फाटकावर कोण उभं आहे ते बघत. एक ड्रायव्हर तर रोजचं वर्तमानपत्र नेम धरून कोबीच्या वाफ्यात टाकायचा. आता दिवसाला सहा गाड्या, तीन जाणाऱ्या, तीन येणाऱ्या, आणि खिडक्या उघडत नाहीत.

आईनंतर फाटक डीलियाकडे आलं. फाटकाबरोबर घर यायचं आणि फाटक गेलं की घरही जायचं, असा तो व्यवहार होता.

डीलियाला सत्तर पुरी झाली त्या वर्षीची गोष्ट. फेब्रुवारीतला बुधवार होता. ऊना फीरिक दर बुधवारी यायची तशी सोड्याचा पाव फडक्यात गुंडाळून आली होती. तिचं शेत रुळांपलीकडे. दुकान, डॉक्टर, चर्च, सगळं रुळांच्या अलीकडे. त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून ऊनाचा प्रत्येक दिवस ह्या फाटकातून जायचा. ती डीलियाहून एका वर्षाने धाकटी, डाव्या कानाने जवळजवळ बहिरी आणि जिभेने पहिल्यापासूनच तिखट.

"अगं, रुळावर तो नारिंगी डगला घालून कोण उभा आहे? संत्र्यासारखा दिसतोय."

"रेल्वेचा माणूस. फाटकाची पाहणी करायला आलाय."

"तुझं फाटक पाहायला डब्लिनहून माणूस! तरुणपणी तुला पाहायला शेजारच्या बॅलीहॉनिसहूनसुद्धा कुणी आला नाही."

"आला होता एक. तुझ्या पावाचा तुकडा खाल्लान आणि परत गेला."

ऊना खो खो हसली. तेवढ्यात दार वाजलं. मुलगा तिशीचा असेल, चेहरा थंडीने लाल झालेला. रोनन ट्रेसी, सुरक्षितता विभाग, असं त्याने स्वतःच सांगितलं.

"सुरक्षित राहायचं असेल तर आधी बूट पूस," ऊना म्हणाली. "हिने आत्ताच फरशी पुसलीय."

त्याने बूट पुसले, चहा घेतला, पाव घेतला आणि मांडीवर टॅब्लेटची काचेची पाटी ठेवून कामाला लागला. डीलिया जूनमध्ये निवृत्त होणार होती. त्यानंतर कॉरीबेगला फाटकवाली नेमायची नाही असं ठरलं होतं. देशभरातल्या सगळ्याच फाटकांची अशी पाहणी चालली होती. प्रत्येक जागेला धोक्याप्रमाणे गुण द्यायचे आणि गुणांप्रमाणे पुढची व्यवस्था. घराची काळजी नको, त्याने घाईघाईने सांगितलं, डीलिया आहे तोवर घर तिच्याकडेच राहील, तसं पत्र निघालंय.

"पत्र मिळालं," डीलिया म्हणाली.

"मग आता फक्त जुन्या घटना तपासून घेऊ. तुमच्या काळातली एकच आहे." तो वाचायला लागला. "चौदा जून एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. दुपारची चार दहाची गाडी. ट्रॅक्टर. एक मृत्यू. कारण, वापरकर्त्याने परवानगीशिवाय स्वतः फाटक उघडले."

"वापरकर्ता!" ऊनाने कप खाली ठेवला. "बाप्तिस्म्याच्या वेळी तर कोलमन असं नाव ठेवलं होतं त्याचं. माझा नवरा तो."

रोननचा चेहरा आणखी लाल झाला. "माफ करा, मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार? तुझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. वाच, वाच, मला पाठ आहे ते. लग्नाच्या दिवशी अर्धा तास उशिरा आला हा माणूस. मी वेदीपाशी उभी, फादर घड्याळ बघतायत, माझी आई रडायच्या बेतात. आणि मरायला मात्र एवढी घाई, की फाटकवालीला हाक मारायला फुरसत नाही. असा आमचा वापरकर्ता."

हा विनोद ऊना एक्केचाळीस वर्षं करत आली होती. सुरुवातीला तो विनोद नव्हता. पुढे त्याचा विनोद झाला. डीलिया मोरीपाशी उभी राहून कप विसळत होती. आधीच स्वच्छ असलेला कप तिने दोनदा विसळला.

ऊना निघाली. डीलियाने बाहेर जाऊन फाटक उघडलं, ऊनाची जुनी मोटार रुळांवरून खडखडत पलीकडे गेली, डीलियाने फाटक लावलं, कडी घातली. रोनन शेजारी उभा राहून बघत होता.

"मी गेल्यावर इथं काय करणार?" तिने विचारलं.

"तुमच्या जागेला कमी गुण पडतायत, म्हणजे चांगलंच आहे ते. साधं फाटक राहील. सूचनेची पाटी लागेल आणि एक टेलिफोन. लोकांनी थांबायचं, फोन करून विचारायचं, स्वतः उघडायचं, ओलांडायचं, परत लावायचं."

"स्वतः?"

"देशात अशी शेकडो आहेत."

"वळण आहे इथं. पूर्वेकडून आलेली गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. ऐकू येते, पण ऊनाला डाव्या कानाने ऐकू येत नाही." डीलियाने रस्त्याकडे मान हलवली. मोटार आता ऊनाच्या आवारात शिरत होती. "आणि पलीकडे आता तीन घरं झालीत. शाळेची गाडी येते. दुधाचा टँकर येतो."

"वळणाचे गुण धरलेत मी. उद्या परत येऊन अंतर मोजणार आहे. पण खरं वजन असतं ते घडलेल्या गोष्टींना." त्याने पाटीवर बोट आपटलं. "इथं चाळीस वर्षांत एकच मृत्यू, आणि तोही माणसाने नियम मोडला म्हणून. त्यावर स्वयंचलित अडथळे मागितले तर वरचे लोक मला हसतील."

"आणि चूक फाटकवालीची असती तर?"

त्याने क्षणभर विचार केला. हा प्रश्न त्याला आवडला असावा. "तर मग गोष्टच वेगळी. घंटा असताना, काम शिकलेल्या माणसाचाही अंदाज इथं चुकतो, असं झालं ना ते. मग ही जागा कुणाच्याही अंदाजावर सोडता येत नाही. मग अडथळे, कॅमेरा, सिग्नलशी जोडणी, सगळं द्यावंच लागतं. का हो?"

"सहज विचारलं," डीलिया म्हणाली.

शुक्रवारी त्याचा अहवाल जाणार होता.

त्या संध्याकाळी तिने बटाटे उकडले आणि खाल्ले. शेगडीत टर्फचे, दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचे, दोन तुकडे टाकले. रेडिओ लावला. तिला वाटलं होतं की छाती धडधडेल, झोप उडेल, निदान बटाटे घशाखाली उतरणार नाहीत. काहीच झालं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि हिरडी परक्याची होते, तसं काहीतरी तिच्या आत त्या जूनमध्ये झालं होतं, आणि सुईचा असर उतरलाच नव्हता.

तो पूल अखेर दुरुस्त झाला होता, त्याचीच ही कथा. अठ्ठ्याहत्तरच्या वसंतात नवा खांब बांधला, नवे रूळ टाकले. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी, असं वर्तमानपत्रात छापून आलं, फोटोसकट. मग जूनमध्ये एका शनिवारी टपालाने कागद आला की सोमवार, बारा तारखेपासून पुलावरचं वेगाचं बंधन उठवण्यात येत आहे, सर्व फाटकवाल्यांनी नोंद घ्यावी. डीलियाने कागद दोनदा वाचला आणि टाचणीने नियमाच्या चौकटीशेजारी लावला. सोमवारी ती सावध होती. मंगळवारीही. गाडी तिसऱ्या फेऱ्यातच येते हे तिने दोन्ही दिवस पाहिलं, आणि रात्री वडिलांना भरवताना सांगितलंसुद्धा. ते अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. ते डोळ्यांनी हो म्हणाले.

बुधवारी ऊन पडलं. आठवडाभर पाऊस झाल्यावर ऊन पडलं की सगळं गाव गवताच्या मागे लागतं. घंटा वाजली. जप तिच्या तोंडात आपोआप सुरू झाला, श्वास सुरू असतो तसा. दुसऱ्या फेऱ्यात होती ती, तेव्हा बाहेर हॉर्न वाजला. दोनदा. कोलमन फीरिक, मागे गवताची गाडी जोडलेली.

"रोझरी कुठवर आली गं?" तो ओरडला.

"दुसऱ्यात!" तिने ओरडून सांगितलं आणि बाहेर येऊन फाटक उघडलं.

कागद तिने वाचला होता. तिच्या हाताला मात्र अजून पत्ता नव्हता. कोलमनने स्टीअरिंगच्या चाकावरून एक बोट उचललं, आमच्याकडे सगळे ड्रायव्हर रामराम करायला उचलतात तसं, आणि ट्रॅक्टर रुळांवर चढला. गवताची गाडी जड होती.

पहिल्यांदा पॅकी हानली आला, केबिनमधला सिग्नलवाला, सायकलवरून, पाऊण मैल धापा टाकत. इंजिनाचा ड्रायव्हर रुळांच्या कडेला बसून ओकत होता. त्याने फाटक कुणी उघडलं ते पाहिलंच नव्हतं. प्रवासी उतरून उभे होते. कुणीतरी कोलमनवर आपला कोट घातला होता. पॅकीने डीलियाचा हात फाटकावरून सोडवला. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

"तू मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतीस. त्याने स्वतः उघडलं. ऐकतेस का, पोरी? तुझा बाप आत आहे. हे घर गेलं तर त्याला कुठं नेशील? डीलिया, ऐकतेस ना?"

चौकशीच्या वेळी तिला एकच प्रश्न विचारला, मिस टॅन्सी, अपघाताच्या वेळी आपण घराच्या मागच्या बाजूस होता काय, आणि ती म्हणाली, "हो." पुढच्या रविवारी मिस्साच्या वेळी फादरनी उतावीळपणावर प्रवचन दिलं. ऊना पहिल्या बाकावर होती, मांडीवर चार वर्षांचा डेक्लन. फादरना वाटलं ते चांगल्यासाठीच सांगतायत.

वडील दीड वर्षाने गेले. तेव्हा सांगता आलं असतं. पण तोवर ऊनाने बॅलीहॉनिसच्या वृद्धाश्रमात काम धरलं होतं आणि डेक्लन शाळेतून परस्पर फाटकावर यायचा, डीलियाच्या टेबलावर गृहपाठ करायचा, तिच्या हातचे पॅनकेक खायचा. सहा वर्षं. त्याला रस्ता ओलांडताना ऊना रोज तेच सांगायची, "बापासारखी घाई करू नकोस." मुलगा इतका सावकाश झाला की शाळेत सगळे चिडवायचे. आता तो लीड्सला असतो, लॉरी चालवतो आणि बायको म्हणते की सगळ्या ड्रायव्हरांत सर्वांत उशिरा पोचणारा तोच.

एकदा, अॅथलोनला, अनोळखी फादरपुढे डीलियाने पापनिवेदन केलं होतं. जाळीपलीकडून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रायश्चित्त सांगितलं. एक रोझरी म्हणा. ती उठून बसस्टँडवर आली. तेवढंच तिला जमणार नव्हतं.

गुरुवारी रोनन मोजायचं चाक घेऊन आला. वळणापर्यंत चालत गेला, परत आला, काहीतरी टिपलं. पावणेबाराची गाडी गेली. डीलियाने खोळंबलेल्यांना सोडून फाटक लावलं आणि त्याला म्हणाली, "आत ये. तुझ्या कागदात एक चूक आहे."

तिने उभ्या उभ्याच सांगितलं. चार वाक्यांत झालं. इतकी वर्षं तिला वाटायचं की ते सांगायला एक अख्खा दिवस लागेल.

रोननने मोजायचं चाक भिंतीला टेकवलं. मग म्हणाला, "टॅन्सीबाई, तुम्ही आधी एखाद्या वकिलाशी बोला."

"वकिलाला काय सांगू? तो त्या दिवशी इथं नव्हता."

"तुमचं पेन्शन..."

"लिही रे बाबा."

"अडथळे यावेत म्हणून तर तुम्ही हे सांगत नाही ना? वरती पहिला प्रश्न हाच येईल."

डीलियाने विचार केला. "अडथळ्यांसाठीच सांगतेय. नाहीतर सांगितलं नसतं. पण खोटं असतं तर याहून बरं काहीतरी रचलं असतं."

त्याने लिहिलं. त्याची बोटं काचेवर भराभर चालत होती. मग त्याने वाचून दाखवलं. "फाटकवालीने घंटेनंतर, गाडीच्या वेळेचा अंदाज चुकल्याने, फाटक चुकून उघडले."

"'चुकून' काढ."

"काय?"

"चुकून नव्हे. चुकून म्हणजे हात लागून उघडलं असं होतं. नियम तिथं भिंतीवर होता. नव्या वेळेचा कागद त्याच्या शेजारी होता. मी उघडलं. एवढंच लिही, आणि त्याने हॉर्न दिला होता, तो थांबला होता, तेही लिही. ते कुठंच लिहिलेलं नाही."

त्याने दुरुस्त केलं आणि परत वाचलं. तिने मान हलवली आणि पाटीवर बोटाने सही केली. सही वाकडीतिकडी आली, लहान पोराने काढल्यासारखी.

"एक सांगायला हवं," तो दाराशी थांबून म्हणाला. "जुन्या मृत्यूचं कारण बदललं की कुटुंबाला कळवावं लागतं. पत्र जाईल. आठ-दहा दिवसांत."

"पत्राला कशाला त्रास? मी जाते."

"मी येऊ का तुमच्याबरोबर?"

"तू? तुला ती बूट पुसायला लावेल," डीलिया म्हणाली. त्याला हसू येईना, तिलाही.

तीन पंचवीसची गाडी गेल्यावर सहापर्यंत दुसरी नव्हती. डीलियाने कोट घातला, बाजूचं छोटं दार उघडून रूळ ओलांडले आणि ऊनाच्या घराकडे चालू लागली. वाटेत तिने दोनदा कोटाची बटणं चाचपली. बरोबर लागली होती.

ऊना बटाटे सोलत होती. "आज गुरुवार ना गं? काय झालं? आजारी आहेस का?"

"नाही."

"मग बस. तोंड बघ तुझं, पिठासारखं झालंय. चहा टाकते."

"चहा नको. ऊना, ह्या बाजूला बस, तुझा उजवा कान इकडे येऊ दे. मला हे दोनदा सांगता येणार नाही."

ऊना बसली, हातात सुरी तशीच. डीलियाने सांगितलं. रोननला सांगितली होती तीच चार वाक्यं, त्याच क्रमाने. शेवटी तिने पॅकी हानलीचं नाव घेतलं नाही. तो मेला होता, आणि चौकशीत 'हो' तिने स्वतःच म्हटलं होतं.

घड्याळाची टिकटिक चालू होती. बाहेर कोंबड्या. ऊनाने हातातला बटाटा सोलून पुरा केला, पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला. तोही सोलला.

"हॉर्न दिला होता त्याने?" तिने विचारलं.

"दोनदा."

"थांबून?"

"फाटकापाशी थांबला होता. इंजिन चालू ठेवून."

"आणि विचारलं?"

"विचारलं. मी सांगितलं, दुसऱ्यात."

"मग तू उघडलंस."

"मी उघडलं."

"आणि तो निघाला. तू उघडलंस म्हणून."

"हो."

ऊनाने सुरी टेबलावर ठेवली. तिचा आवाज चढला नाही. डीलियाला वाटलं होतं की ती ओरडेल, काहीतरी फेकेल, आणि त्याला ती तयार होती.

"थांबला होता तो," ऊना म्हणाली, कपाटाकडे बघत. "एक्केचाळीस वर्षं मी त्या माणसाला शिव्या देतेय. त्याच्या फोटोला. त्याच्या कबरीवर फुलं ठेवतानासुद्धा म्हणायची, दोन मिनिटं थांबला असतास तर काय बिघडलं असतं मेल्या." तिने सुरी जरा लांब सरकवली. मग म्हणाली, "तुझ्या घरात बसून तू ते ऐकलंस. दर बुधवारी. माझाच पाव खात."

"ऐकलं."

"मी विनोद करायची आणि तू कप विसळायचीस."

डीलियाने हात मांडीवर ठेवले होते. ते तिला दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे दिसत होते, म्हाताऱ्या बाईचे, फाटकाच्या कडीने घट्टे पडलेले.

"मी जाऊ का?" तिने विचारलं.

"बैस."

ऊना उठली. उठताना तिने टेबलाचा आधार घेतला, तो ती एरवी घेत नसे. भिंतीवरच्या टेलिफोनपाशी गेली, चष्मा लावला आणि शेजारच्या कागदावरून बोट फिरवत लांबलचक नंबर फिरवला. इंग्लंडचा नंबर. मग रिसीव्हर कानाला न लावताच, ताणलेल्या वायरीसकट, डीलियाच्या पुढे धरला.

"सांग त्याला. मला सांगितलंस तसंच. एकही शब्द गाळू नकोस. आणि हॉर्नचं आधी सांग."

"ऊना, तो गाडीवर असेल."

"गाडीवर असला तर बाजूला लावेल. थांबायला शिकवलंय मी त्याला."

रिंग जात होती. डीलियाने रिसीव्हर कानाला लावला. ऊना समोर उभी होती, हात छातीशी घट्ट बांधून, उजवा कान पुढे करून. पलीकडे कुणीतरी फोन उचलला. मागे रस्त्याची घरघर ऐकू आली, मग इंडिकेटरची टिकटिक, मग गाडी थांबल्याची शांतता.

"हॅलो? आई? काय गं, काय झालं?"

"नाही रे, मी डीलिया," ती म्हणाली. "आई ठीक आहे. इथंच उभी आहे, ऐकतेय." "डेक्लन, तुझ्या बाबांनी त्या दिवशी हॉर्न दिला होता. दोनदा."